कृष्णाजीकाकांची हां

मयुरेशदादा कीबोर्ड मांडीवर घेऊन काटछाट करत होता. मी बाजूला मोबाईलची स्क्रीन चिकटवत होतो. दुकान माझं, देवासला, बस स्टँडमागे. त्याच्या घरचं इंटरनेट रडायचं, म्हणून नोकरीवरून सुटला की तो इथंच.

"चिंटू, अजून एक भाग सुटा झाला बघ."

वेबसाइट बनवायचं एक फुकटचं फ्रेमवर्क आहे. जगभरचे लोक मिळून लिहितात. वीस वर्षांत ज्याने जे आणलं ते आत कोंबलं. आता दोन पानांची साइट बनवा, तरी सगळं ओझं उतरवून घ्या. माझा जुना कॉम्प्युटर तर तिथंच मान टाकायचा. दादा दोन वर्षं ते हलकं करत होता. आत थोडंच ठेवायचं, बाकीचे भाग वेगळे, ज्याला जे पाहिजे ते त्याने घ्यावं. नियम एकच. ज्याने भाग लिहिला, त्याची हां घेतल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही.

शेवटी राहिला तिथी काढणारा भाग. धारच्या कृष्णाजीकाकांचा. रिटायर्ड गणिताचे मास्तर, दादाला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला.

"ब्राझीलवाल्याला एकादशी कशाला रे भिया?" मी विचारलं.

"म्हणूनच काढतोय. पण काकांना मेलवर नाही विचारायचं. आपल्यात मोठ्यांना असं कळवतात का? घरचं माणूस जातं. मला सुट्टी नाही, तू घरचाच, तू जा."

गेलो. शेवेचा पुडा घेऊन. काका खाटेवर, पाय सुजलेले. काकी जाऊन सहा महिने झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

"हे माझं नाव बघ, तिथीच्या भागावर लिहिलेलं. कुठल्याही देशात कोणी हे उतरवून घेतलं, की मी त्याच्या घरी पोचतो. इथं कोण येतंय माझ्याकडे?"

चहा प्यायलो. तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, शेव ताजी आहे."

स्टँडवरून दादाला फोन लावला. "हां म्हणाले." दोन वर्षं मी त्याला डोळे फोडून घेताना बघितलं होतं. एका नावापायी ते अडलेलं मला नको होतं.

त्याने भाग काढला. आठवड्यात काकांनी फ्रेमवर्कच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं, मला कोणी विचारलं नाही. लोक दादावर तुटून पडले. त्याचा बदल करायचा हक्क गेला. हलकं फ्रेमवर्क निघालंच नाही. तिथीचा भाग परत आत गेला, अजून तिथंच आहे.

दादा दुकानात यायचा बंद झाला. मी रोज वाट बघितली, येईल, कॉलर धरेल. नाही आला. मी पण नाही गेलो. दिवाळीच्या आधी काका वारले, तर दादा धारला गेला म्हणे आणि दारातूनच परत फिरला.

वर्षाने त्याची बहीण गुंजन चार्जर घ्यायला आली. मी नववीत शाळा सोडलेली, इंग्रजी मला येत नाही. दादाने तेव्हा लोकांना काय उत्तर दिलं होतं, ते तिच्याकडून वाचून घेतलं.

"मी काकांकडे कोणालाच पाठवलं नव्हतं. चूक माझी एकट्याची."

हे लिहायच्या आधी त्याने काकांना फोन केला होता. गुंजन तेव्हा बाजूलाच बसलेली. काका म्हणाले होते, चिंटू आला होता रे, शेव देऊन गेला.