होय म्हाराजा!

यंदा नातीच्या गळ्यात गणपती मंडळाचा स्वयंसेवकाचा बिल्ला पाहिला आणि मला हसू फुटलं. तिच्यापेक्षा थोडी मोठी असताना मीही तो मिरवला होता, काळाचौकीतल्या आमच्याच गल्लीत, वर शिट्टीसुद्धा! लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. रांगेत सेवा केली की देव पावतो, असं कुणीतरी सांगितलं आणि मी बाई लागले भाविकांना ढकलायला.

सासूबाई मंडळाकडे कधी फिरकत नसत. त्यांचा गणपती स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी. नैवेद्य दाखवताना त्याला म्हणायच्या, "आज मीठ जास्त पडला हा, गप खा." मला वाटे, किती ही अडाणी भक्ती! मी कडक उपास करणारी, आरत्या तोंडपाठ असलेली विदुषी ना!

एका दुपारी रांगेत एक म्हातारी मूर्तीसमोर रेंगाळली. मी तिच्या पाठीला हात लावून ओरडले, "मावशी, पुढे चला! मागे लाईन आहे!"

म्हातारी वळली. सासूबाई!

"ढकल गो, ढकल. घरात जमणा नाय, ता हय करून घे."

"आई, तुम्ही? दर्शनाला?"

"देव घरातच आसा. तुका बघूक इलंय. सकाळपासून उपाशी मा?" पदराखालून डबा निघाला. भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मंडपामागे बसून मी उपास मोडला. शिट्टी तेवढी गळ्यात होती.

संध्याकाळी घरी आले तर आत गाऱ्हाणं चाललेलं. आमच्या कोकणात घरातलं मोठं माणूस देवाला मोठ्यानं साकडं घालतं आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. सासूबाई एकट्याच होत्या. मी दाराशी थबकले. आता नातू मागणार, दुसरं काय?

"बा देवा म्हाराजा, नातू दी, नाय तर नको दी. तुझी मर्जी. पण माज्या सुनेचा हसणा खय हरावला हा, ता तेवढा सोदून दी रे म्हाराजा!"

त्या थांबल्या. साथ द्यायला कुणी नव्हतं.

पुढे मुलगी झाली. मंडळ म्हणालं आमचा बाप्पा, डॉक्टर म्हणाले आमच्या गोळ्या. सासूबाईंनी कशावरच हक्क सांगितला नाही. मला मात्र देव त्या संध्याकाळीच पावला होता. चपलाही न काढता, मंडपात कधी निघाला नव्हता अशा आवाजात मी दारातूनच म्हटलं होतं, "होय म्हाराजा!"