पाटा बघणाऱ्या बाई

पेडणेकर बाई कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, मोरीशेजारच्या कोपऱ्याकडे बघत. तिथे पाटा-वरवंटा दिसला की त्यांचा चेहरा सैल पडे आणि त्या चहाला हो म्हणत. नाही दिसला, तर उंबऱ्यातच बसून घेत. मग त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

गिरण्यांचा संप चालू होता. दहिसरच्या आमच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, गिरणीवर पोट असलेली. पगार थांबला तशी माणसं गावाकडे सरकू लागली. कोणी आजारी सासूला बघायला म्हणून जाई, कोणी गणपतीआधी घर सारवायला म्हणून. ‘जाऊन येतो’ असंच सगळे म्हणत. नंतर खोलीला कुलूप लागलेलं दिसे आणि आमच्या सातवीच्या वर्गात आणखी एक जागा रिकामी होई. त्या पोराबद्दल कोणी काही विचारत नसे.

बाई आमच्या वर्गशिक्षिका. त्यांनी खूण हेरली होती. “सणाला जाणारा कपडे नेतो,” त्या म्हणत. “पाटा नेणारा परत येत नाही.” एखादं पोर वर्गात गप्प झालं, पुढच्या परीक्षेचं काही विचारेनासं झालं, की शाळा सुटल्यावर बाई त्याच्या घरी हजर. आईबापांना त्यांचं एकच सांगणं असे: शनिवारी वर्गात या आणि पोराशेजारी बसा. “एक बैल घाण्याला चालतो, गाडीला दोन लागतात. मी एकटीने ओढली तर तुमचं पोर जागच्या जागी फिरेल.”

चाळीने मात्र या सगळ्याचा भलताच अर्थ लावला. ज्या घरात बाई बसल्या, त्या घराला कुलूप लागलं, असा बायांचा हिशेब. खरं तर फांदी आधीच मोडलेली असायची, कावळा मागून येऊन बसायचा. पण हे चाळीला कोण समजावणार? बाईंची काळी छत्री जिन्यावर वाजली की एकामागून एक दारं लागत. बाईंना ते कळत नव्हतं थोडंच. त्या बंद दारांवरून सरळ पुढे चालत राहत.

एके दिवशी छत्री आमच्या दाराशी थांबली. आमचा पाटा आईने गोणपाटात बांधून खाटेखाली सारला होता. कोपऱ्यात त्याच्या जागी फरशीचा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. बाईंनी तो पाहिला आणि उंबऱ्यात बसल्या. आईने पाणीही विचारलं नाही. मला तिचा राग आला आणि बाईंची भीतीही वाटली.

“गणपतीक जातंव, बाई,” बाबा खाली बघत म्हणाले. “येतलंव परत.”

“या की. पण आधी शनिवारी वर्गात या.”

बाबा हट्टी माणूस. घाबरला असं कोणी म्हणू नये म्हणूनच आले असावेत. माझ्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाईंनी भिंतीवर कोकणाचा मोठा नकाशा लावला आणि मला म्हणाल्या, “बाबांना नकाशा शिकव.” मी बाबांचं बोट धरून आमच्या गावावर ठेवलं. सातवीपुढची शाळा कुठे, असं बाईंनी विचारलं. मी बोट सरकवत नेलं. वाटेत निळा पट्टा आला. निळं म्हणजे पाणी, मी सांगितलं. ती आमची खाडी होती; पलीकडे जायला तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, तेवढीच.

“पावसात तर चालते?” बाईंनी विचारलं.

बाबांचं बोट तिथेच राहिलं. पावसात आमची तर बंद असते हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण त्याच कारणाने शाळा सोडून घरी बसलेली. वर्गात कोणी हसलं नाही. बाबा उठले आणि निघून गेले.

घरी त्या दिवशी चूल पेटूनही कोणी धड जेवलं नाही. गणपतीला आम्ही गेलो ते कपडे घेऊन. पाटा कोपऱ्यात होता.

परत आलो तर बाई नव्हत्या. सुट्टीत त्यांना कावीळ झाली आणि त्यातच त्या गेल्या. नळावरच्या बाया आईला म्हणाल्या, शेवटची ती तुझ्याच उंबऱ्यात बसली होती. आईने मला समोर बसवून मीठ-मिरच्या ओवाळल्या, आणि ओवाळता ओवाळताच रडू लागली. पाणी तरी द्यायला हवं होतं गं, एवढंच म्हणाली.

गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. मालाडला एका गोदामावर राखणदारी मिळाली. मी आठवीला शाळेच्या त्याच रस्त्याने, दप्तर घेऊन जात होते. चाळीतली कुलपं थांबली नव्हती. शाळा सुटायच्या वेळेला बाबा अंगात सदरा चढवत आणि एखाद्या घराकडे चालू लागत. आता त्यांची चाहूल लागली की दारं लागत.

एकदा मी मागोमाग गेले. शेजारच्या वहिनींनी दार लोटलं, आणि फटीतूनच काय हवं म्हणून विचारलं. बाबा उंबऱ्यात बसले.

“काय नको, वयनी. तुमचो पाटो खंय आसा?”