रंभाआत्याचे बारा वाफे

मुर्ध्याची आमची रंभाआत्या लग्नाला निघाली तरी वाटेतल्या परक्या शेतात वाकून तण उपटायची. भातात नको ते गवत दिसलं की तिचे हात ऐकायचेच नाहीत. अशा बाईकडे १९६८ साली शेतकी खात्यातल्या एका साहेबांनी तणाची राखण सोपवली. भातातलं कुठलं तण गुरांना चारा म्हणून चालेल, ते त्यांना शोधायचं होतं. त्यांनी बारा वाफ्यांत बारा जातींचं तण मुद्दाम पेरलं, नंबरच्या पाट्या लावल्या आणि महिनाभरासाठी पुण्याला गेले. मी तेव्हाच नको म्हटलं होतं, पण आमचं ऐकतंय कोण.

परतले तेव्हा बाराही वाफे लख्ख होते. चुकून उगवलेली भाताची सात रोपं तेवढी डुलत होती आणि आत्या शाबासकीची वाट बघत उभी होती.

"तण कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"म्हशीच्या पोटान हाय. बाराच्या बारा."

साहेब बांधावरच बसले. आत्याने दाट दुधाचा चहा दिला. दोन कप पिऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'जनावर आवडीने खाते.'

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी वाफ्यांना कुंपण घातलं, आत्याच्या उंचीचं.