आम्हाला कधी सोडणार?

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील सातवी पास, नाशिकहून लखनौजवळच्या चिनहटच्या एका कारखान्यात लेथवर आलेले. मी लखनौत बी.ए. केलं आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकले. काकू म्हणायची, "त्या भाषेत कुठलं स्थळ सांगून येणार आहे?" स्थळ नाही आलं, पण एक्याण्णवच्या फेब्रुवारीत, आखातात बॉम्ब पडत असताना, त्या भाषेने मला एका सोव्हिएत मुत्सद्द्याच्या शेजारी जेवायला बसवलं.

म्हणजे, जेवायला नाही, बोलायला. मी एका सरकारी कंपनीत तीन महिन्यांसाठी घेतलेली दुभाषी होते. कंपनीची निम्मी यंत्रं त्यांच्या देशातली, आणि पाहुणे दिल्लीच्या वकिलातीतले व्यापारी सल्लागार. माझे साहेब मराठीच. कंपनीच्या गेस्ट हाउसच्या दारात म्हणाले, "आज नीट पार पडलं तर तुला कायम करायची फाइल वर पाठवतो. घोळ झाला तर मी तुला ओळखत नाही."

हसले, पण अर्धेच. 

चौकातून कबाब आणि शीरमालच्या केशरी रोट्या आणलेल्या. वास नुसता! पण दुभाष्याला घास घ्यायला फुरसत कुठली? इकडचा थांबला की तिकडचा सुरू. अर्धा तास थंडी आणि कबाब यांवर गेला. मग कुणीतरी टीव्हीवरच्या बातम्यांचा विषय काढला, आणि आमच्या जनरल मॅनेजरांनी, पक्का लखनवी माणूस, रुमालाने ओठ टिपले.

"हुजूर, गुस्ताखी माफ हो, छोटा मुँह बड़ी बात. इराक आपका पुराना दोस्त था. इस बार आपने यूएन में उसके खिलाफ वोट दिया. अब पुराने दोस्त तो हम भी हैं…" वाक्य तिथेच सोडून ते गोड हसले.

साहेब माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले, "ए, मऊ कर. मैत्री अमर आहे वगैरे सांग."

मला तेवढं येत होतं. अभ्यासक्रमात मैत्रीचा अख्खा धडा होता. पण वडिलांचं मशीनही त्याच देशातलं. एका सुट्या भागापायी ते बंद पडलं की वडील किती दिवस नुसते फडकं मारत बसायचे, हे मी पाहिलं होतं. प्रश्न खरा होता. मी पाहुण्यांकडे वळले आणि रशियनमध्ये म्हटलं, "इराकला तुम्ही सोडलंत. आम्हाला कधी सोडणार?"

त्यांचा काटा बशीवर वाजला.

"हे त्यांनी विचारलं की तू?"

"त्यांनीच. मी वरचा शोभेचा कागद काढला फक्त."

ते खो-खो हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू बोलू लागले, आणि मी एकेक शब्द हिंदीत टेबलावर ठेवत गेले. "देशांच्या निष्ठेचं मला विचारू नका. आज माझ्याच देशात कोण कुणाशी एकनिष्ठ आहे, मला कळत नाही. मित्र म्हणून सांगतो, सुट्या भागांची ऑर्डर याच वर्षी द्या. पुढच्या वर्षावर टाकू नका."

  मग मॅनेजरसाहेबांनी खिशातून डायरी काढली, आणि शेवटी गोडाचा शाही टुकडा येईपर्यंत पंप, बेअरिंग, गिअर! मला वर्गात न शिकवलेले शब्दही सुचत होते. नाही सुचले तिथे हाताने चाकं फिरवून दाखवली.

पाहुण्यांची गाडी निघाली तसे साहेब मराठीत कडाडले, "मऊ कर म्हणालो होतो ना?"

"सर, मी मऊ विचारलं असतं, तर त्यांनीही मऊच सांगितलं असतं."

मॅनेजरसाहेब मागेच उभे होते. "क्या कह रही हैं ये?"

आता दुभाषी साहेब होते. 'कुछ नहीं सर' म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि सगळं सांगितलं. मऊ करायला सांगितलं होतं, हेसुद्धा.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना न्याहाळलं. "इनको पक्का करने की फाइल कल मेरी मेज पर."

आणि मला एकदम सपाटून भूक लागली. आत जाऊन मी गार शीरमालवर दोन कबाब ठेवले आणि उभ्याउभ्याच खाल्ले.