हाऊबेर

परभणीच्या काळ्या मातीत जुनिपर लावायची कल्पना माझी नव्हती, आमच्या सरांची होती. सर कृषी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक होते. ते एकदा हिमाचलात कुठल्याशा शिबिराला गेले, तिथे हे काटेरी झुडूप त्यांच्या मनात भरलं, आणि येताना ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं मांडीवर घेऊन ते रेल्वेने आले. लोक तिकडून शाली आणतात, सफरचंदं आणतात. आमच्या सरांनी बर्फातलं झाड आणलं आणि ते परभणीच्या उन्हाळ्यात जगवायचं काम माझ्या गळ्यात बांधलं.

"जगेल हो बाई," ते म्हणाले. "जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे हे उगवतं."

तिथे थंडीने उगवत नाही आणि इथे उन्हाने करपतं, एवढा फरक मी सांगून पाहिला. सरांनी तो कानाआड केला.

काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि जुनिपरच्या मुळांना ते मुळीच चालत नाही. म्हणून आम्ही मुरूम आणि वाळू घालून उंच वाफा केला, वर तट्ट्यांची सावली बांधली. तरी रोपं एकेक करून गेलीच. हे झाड मेलेलं पटकन कळू देत नाही. पानं तशीच सुईसारखी, बोटाला टोचणारी, फांदी तशीच ताठ. महिनाभर पाणी घातल्यावर ध्यानात यायचं की आपण मढ्याला पाणी पाजतोय. शेवटी एकच रोप उरलं. पुढे ते फुलोऱ्यावर आलं तेव्हा कळलं की ते नर आहे. जुनिपरमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळ मादीलाच धरतं. दरवर्षी आमचं झाड पिवळा पराग वाऱ्यावर सोडायचं आणि तो घ्यायला आसपास कुणीही नव्हतं.

फळं मात्र आम्हाला हवी होती, कारण सरांना त्यांचं तेल काढायचं होतं. वाळलेली फळं जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराच्या दुकानात मिळायची. मिरीएवढी, काळपट निळी, चुरडली की डोक्यात चढणारा वास. अत्तार त्यांना हाऊबेर म्हणायचा. वाफ्यावर खुरपायला येणाऱ्या बायकांनी हा शब्द ऐकला आणि आपल्या परीने उलगडला. हाऊ म्हणजे ज्याचं नाव घेऊन पोरांना भीती घालायची तो, आणि बेर म्हणजे बोर.

"हाऊचं बोर हाय म्हनं ते," एक दुसरीला म्हणाली, आणि त्या दिवसापासून भर दुपारी त्या वाफ्यात एकटी जायला कुणी तयार होईना. मला हसू आलं. घरी जाऊन मी ही गंमत सांगितली, ती मात्र सांगायला नको होती.

घरी सासूबाई होत्या. चुडाव्याकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. नवरा सेलूला शाळेत मास्तर, सकाळच्या गाडीने जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आत्याबाई त्यावरून कधी टोचून बोलल्या नाहीत, पण शेजारणीच्या बारशाला जाऊन आल्या की त्या दिवशी जेवताना फार गप्प असायच्या.

माझं काम असं होतं. काचेच्या बरण्यांत ज्वारी घ्यायची, तीत सोंडे किडे सोडायचे, तेलाचा बोळा ठेवून झाकण लावायचं आणि मेलेले किडे मोजायचे. सरांचं म्हणणं, बायका कणगीत विषारी पावडर टाकतात, गोळ्या ठेवतात, त्याच हातांनी भाकरी थापतात. त्यापेक्षा हे झाडाचं तेल बरं. आत्याबाईंना यात काही राम वाटला नाही.

"आपला लिंब काय मेलाय का? त्येचा पाला घातला की ज्वारी ऱ्हाती की वरीसभर. हिमालयातलं झाड कशाला पायजे?"

शास्त्रीय भाषेत उत्तर द्यायला गेले असते तरी कडुलिंबाला हरवणं मला जमलं नसतं. मी आपली दुसऱ्या दिवशी पुन्हा बरण्यांकडे वळले.

आणि मला दिवस गेले.

आत्याबाईंनी त्या दिवशी घरात गूळ वाटला आणि दुसऱ्या दिवशी बाळंतशोपा आणायला म्हणून स्वतः अत्ताराकडे गेल्या. तिथे त्यांनी सहज विचारलं असेल, आमची सून हाऊबेराचं काम करायलीय म्हणून. तो म्हातारा अत्तार गोरगरिबांच्या नाड्या बघणारा, सज्जन माणूस. त्याने हात जोडले. "पेट से है ना बहू? फिर नक्को माई. हमल गिरता उससे." हमल म्हणजे गर्भ, हे आत्याबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. निजामाच्या राज्यात वाढलेल्या बाईला एवढं कळत होतं.

"त्ये काम सोड," घरात पाऊल ठेवताच त्या म्हणाल्या.

मी चिडले. मी शिकलेली होते आणि त्या शिकलेपणाचा मला अभिमान होता. पुस्तकात गर्भाला घातक म्हणून ज्या जुनिपरबद्दल लिहिलं होतं ते वेगळं. आणि तेसुद्धा पोटात घ्यावं लागतं, नुसत्या वासाने काही होत नाही. हे सगळं एका दमात सांगून मी म्हटलं, "आत्याबाई, जात वेगळी आहे त्याची."

आमच्या खात्यात जात म्हणजे वाण. ज्वारीची जात, कापसाची जात, दिवसभर तोंडात तोच शब्द. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, गावागावात याच शब्दावरून माणसं एकमेकांच्या उंबऱ्यावर चढत नव्हती. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"जात येगळी आसंल. कूळ तर येकच ना?"

 कूळ एकच होतं, हे खरं होतं. तरी मी काम सोडलं नाही. मला मूलही हवं होतं आणि बरण्याही हव्या होत्या, आणि या दोहोंत निवड कर म्हणून सांगणाऱ्या माणसाचा मला राग होता.

पाचवा महिना सरत आला तेव्हा ते झालं. दुपारची वेळ होती. आदल्या दिवसापासून बंद होता, एस.टी. आणि रेल्वे दोन्ही उभ्या होत्या, आणि नवरा सेलूला अडकलेला. शेजारच्यांनी कुणाचीतरी जीप आणून मला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर मला स्पष्ट सांगितलं, आणखी लवकर आली असतीस तरी हेच झालं असतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कधी कधी सापडत नाही गं."

मुलगी होती. आत्याबाईंनी जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून तिला नेलं. इतक्या लहान जिवाला आमच्यात पुरतात. कुठे, ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते इचारू न्हाई, बाई." मला कुणी जागा सांगितली नाही म्हणून मी मनाने एक ठरवून टाकली. त्या उरलेल्या झाडाखाली.

असं मनाने ठरवलेलं फार वाईट असतं. मी कामावर परत गेले तर वाफ्याजवळून जाताना माझ्या चपलांचा आवाज आपोआप कमी व्हायचा. खुरपणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मान खाली घालायच्या. वास तर घरी यायला लागला. घडीच्या पातळात, पाण्याच्या माठात, एकदा तर विरजणात. मी नवऱ्याला विचारायचे, "तुला येतोय का?" तो बिचारा प्रामाणिकपणे नाक पुढे करून वास घ्यायचा आणि नाही म्हणायचा. भर उन्हात, स्वयंपाकघरात भाकरी टाकताना मला वाटायचं, पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि ते फार लहान आहे. वळून पाहायची हिंमत व्हायची नाही. मी, जी भुताखेतांवर बोलणाऱ्यांची टिंगल करायचे, तव्याकडे बघत तशीच उभी राहायचे आणि भाकरी करपायची.

आत्याबाई मात्र एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

मग मी वाचत सुटले. जुनिपरवर जे जे मिळेल ते. ते झाड कुठल्या उंचीवर वाढतं, बर्फाखाली जमीन कशी धरून ठेवतं, त्याचं फळ पिकायला वर्षाहून जास्त कसं लागतं, पाखरं ते खाऊन बी कुठवर नेतात, डोंगरातले लोक देवापुढे त्याची धुरी कशी करतात. सगळं सापडलं. एका परभणीच्या बाईने बरणीचं झाकण उघडून वास घेतला तर काय होतं, एवढंच कुठे सापडलं नाही.

पुढे पुन्हा दिवस राहिले. या खेपेला मी काही बोलायच्या आत सरांनीच तेलाचं काम दुसऱ्या सहायकाकडे दिलं आणि मला ग्रंथालयात बसवलं. मी हूं की चूं केलं नाही. आणि एका दुपारी, तिथे पुस्तकांसमोर बसले असताना, माझ्या मनात आलं: हेही गेलं तर झाड सुटेल. तेलाला हात न लावताही गेलं, तर मग पहिलं त्याच्यामुळे गेलं नाही हे सिद्ध होईल. प्रयोग असाच करतात. एका वाफ्यात औषध घालायचं, दुसऱ्यात घालायचं नाही. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. मला माझीच भीती वाटली.

मुलगी झाली, धडधाकट, गळा काढून रडणारी. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं, तिची दृष्ट काढली आणि अगदी सहज, काही मनात न धरता म्हणाल्या, "बग, झाडाला शिवली न्हाईस तर कशी ठणठणीत आली."

मी हसत होते, रडत होते. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. आणि त्या एका वाक्याने पहिली मुलगी पुन्हा गेली, आणि या वेळी माझ्या हातून.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मी प्रात्यक्षिकाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास सरांनी शेतकऱ्यांसाठी एक पत्रक काढायचं ठरवलं. साठवणीच्या धान्याची निगा, असा विषय. त्यात लिंबाचा पाला होता, वेखंड होतं, आणि शेवटी आमचं तेल. येलदरीकडच्या काही घरांत सरांनी त्याच्या बाटल्या आधीच वापरायला दिल्या होत्या. मजकूर मी लिहायचा होता. तेलाच्या परिच्छेदाखाली सरांनी एक ओळ सुचवली, "हे तेल माणसांस निर्धोक आहे." मी ती लिहिली आणि खोडली. तिच्या जागी लिहिलं, "गरोदर बाईने या तेलाला हात लावू नये."

"आधार काय याला?" सरांनी विचारलं.

आधार काहीच नव्हता.  सर ती ओळ पुन्हा वाचून म्हणाले, "राहू द्या ती."

पत्रक छापून आलं तेव्हा आत्याबाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. त्या ओळीशी आले, ती वाचली आणि पुढचं वाचवेना. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आमच्या येळंला कुटं व्हतं झाड?" त्या म्हणाल्या. "माजीबी दोन गेली. येक तर पार भरल्या दिसाची."

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मग मला का म्हणालात तसं?"

"काईतरी म्हनावंच लागतं की गं. काईच न्हाई म्हनलं तर मान्सानं करायचं काय?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने रडले. वाटलं, सुटले.

पुढच्या महिन्यात येलदरीजवळच्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता. सर पुरुषांशी बोलत होते, मी शाळेच्या ओट्यावर बायकांना पत्रकं वाटत होते. शाळेत गेलेली एक तरुण सून पत्रक वाचता वाचता थांबली. सगळ्या पांगल्या तरी ती तिथेच उभी. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ती बाटली आमच्या घरी दिली व्हती. मी लावला व्हता हात. रोजच लावायचे. मला काय ठावं?"

तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. मूल गेल्यानंतरचा तो चेहरा मी ओळखत होते. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि जीव तोडून म्हटलं, "त्याने काही होत नाही. ऐक माझं. त्याने काहीसुद्धा होत नाही."

तिने पत्रक माझ्यापुढे धरलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मंग हितं कामून लिव्हलंय?"