दुसऱ्याच्या हातचा मशमूम

नाबुल शहरात उन्हाळ्यात पुरुषाने कानावर जाईचा गुच्छ खोचणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मन्नूबिया दुपारी अंगणातल्या वेलीच्या मिटलेल्या कळ्या खुडायची, गवताच्या काड्यांना लाल दोऱ्याने बांधायची आणि संध्याकाळी तो मशमूम नवऱ्याच्या, हेदीच्या, कानावर स्वतः खोचायची.

पण हल्ली हेदी घरी परतायचा तेव्हा त्याच्या कानावर हिरव्या दोऱ्याचा मशमूम असायचा.

"हा कुणी दिला?"

"कॅफेत कुणीतरी."

"आणि माझा?"

"पडला असेल."

रोज कसा पडेल? शेजारीण शाझलियाने तर आगीत तेलच ओतलं. "अगं, तुझ्या नवऱ्याच्या दाढीचा वास बघ. म्हातारपणी एवढं सुगंधी पाणी कशाला लागतं?"

एका संध्याकाळी मन्नूबिया डोक्यापासून पायापर्यंत पांढरी सफसारी पांघरून त्याच्या मागे निघाली. हेदीने कॅफेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुंभारवाड्यामागच्या गल्लीत तो वळला आणि एका निळ्या दारातून आत शिरला. ते दार तिच्या धाकट्या भावाचं, तिजानीचं होतं. आई गेल्यावर त्याने खोली बांधण्यासाठी आईची जाई मुळापासून तोडली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

ती तशीच आत घुसली. हेदी बाकावर बसला होता, तिजानी कानावर लाल दोऱ्याचा मशमूम खोचून हिरव्या दोऱ्याने कळ्या बांधत होता. मागच्या भिंतीवर जाईची वेल चढली होती.

"ही कुठून आली?" तिने विचारलं.

तिजानीने हेदीकडे पाहिलं. हेदीने चपलांकडे.

"तुझ्याच वेलीची फांदी आहे," तिजानी म्हणाला. "यानेच काही वर्षांपूर्वी आणून दिली. मी मागायला आलो असतो तर तू दारात उभं केलं असतंस?"

"नसतंच केलं!"

"मग?"

मन्नूबियाला हसू येतंय की रडू, कळेना. आईच्या वेलीचीच तर फांदी तिने लग्नानंतर आपल्या अंगणात लावली होती. तिने तिजानीच्या हातातून दोरा हिसकावला. "काड्या आधी भिजवायच्या, एवढंही विसरलास?"

तिजानीच्या बायकोने फुलांचं सुगंधी पाणी घातलेली कॉफी आणली. मन्नूबियाने आधी कपाचा वास घेतला, हेदीच्या दाढीकडे पाहिलं, मग प्यायली.

परतताना कोपऱ्यावर आल्यावर तिने हेदीची बाही धरली.

"खरं सांग, आणखी कुणाकुणाला फांद्या वाटल्यास?"

हेदीने चालण्याचा वेग वाढवला.