दादाने निवडलेलं कुलूप

माझा मोठा भाऊ झेरॉक्सवाला. तीस वर्षं लोकांचे कागद काचेवर पालथे घातले. अख्ख्या गल्लीचे घटस्फोट आणि आजारांचे रिपोर्ट त्याला पाठ, पण बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. कागदावर मात्र त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता. "लोक मूळ कागदच काचेवर विसरून जातात गं," म्हणायचा.

वहिनी गेली, तेव्हा त्याच्याकडे तिची रेकॉर्डिंग्ज राहिली. शेवटच्या दोन महिन्यांतल्या अंथरुणावरच्या गप्पा, भांडणंसुद्धा. ती कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने आठवडाभर फायलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर शोधलं, लग्नाची स्थळं बघावीत तसं. एका कंपनीचं छान होतं. पासवर्ड विसरलात तर आम्ही उघडून देऊ, म्हणत होती. दादाने नाक मुरडलं. "म्हणजे दुसरी किल्ली यांच्याकडे!" शेवटी एक फुकटचं घेतलं. त्याचा कोड जगात कुणीही वाचून तपासावा, आणि किल्ली फक्त आपल्याकडे. दादाला त्या कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी स्वारी खूश. फायली आत टाकल्या आणि बाहेरच्या पुसल्या.

मग माझ्याकडे आला. "पासवर्ड तुला सांगून ठेवतो. लिहायचा नाही हं."

मी भांडी घासत होते. "तुझं लचांड माझ्या गळ्यात नको," म्हटलं. तो हसून गेला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. दोन शिव्या देऊन ऐकवायचं होतंस की रे!

पुढच्याच महिन्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, शब्द गेले. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने सगळं तपासून हात टेकले. "ताई, प्रोग्रॅम चोख आहे. म्हणूनच उघडणार नाही."

आता दादा रोज दुपारी कॉम्प्युटर लावून बसतो. दोन-तीनदा चुकतो, मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवतो. "तुला... सांगितलं," एवढं त्याला बोलता येतं. आपण मला पासवर्ड सांगितलाय, अशी त्याची पक्की समजूत आहे. नाही सांगितलास, मी ऐकून घेतलं नाही, हे त्याला सांगायची माझी हिंमत नाही. मी काहीबाही टाइप करते. वहिनीचं माहेरचं नाव, तिची जन्मतारीख, दुकानाचा नंबर.

तोवर त्याने इअरफोन कानात घातलेला असतो.